चरबीला चरबीच म्हणा ना!

स्पष्टच बोलतो. काचेच्या इवल्याशा डबीत गाईची चरबी भरायची, वर लॅव्हेंडरचे चार थेंब टाकायचे, लेबलवर हिरव्या कुरणाचं चित्र छापायचं आणि 'आजीच्या काळातलं मॉइश्चरायझर' म्हणून वीस-पंचवीस डॉलरला विकायचं, याला माझा विरोध आहे. चरबीला नाही हं. विकण्याच्या पद्धतीला.

अमेरिकेत गेली काही वर्षं या टॅलोचं फॅड जोरात आहे. टॅलो म्हणजे गुरांची चरबी, बहुधा मूत्रपिंडाभोवतीची, मंद आचेवर कढवून गाळलेली. आपण लोणी कढवतो साधारण तसंच. (तुपाशी तुलना केली म्हणून भडकू नका, फक्त कृती सांगतोय.) मिनेसोटासारख्या ठिकाणी हिवाळ्यात बाहेर उणे वीस, घरात रात्रंदिवस हीटर, हवा कोरडी ठणठणीत. कातडी अशी तडकते की आपली मराठी पोरंपोरीही कोणी सांगेल ते फासायला तयार होतात. म्हणूनच हे लिहायला घेतलं.

आता दावे बघू. पहिला आणि सगळ्यांचा लाडका: 'टॅलो हुबेहूब माणसाच्या त्वचेतल्या तेलासारखं असतं.' ऐकायला झकास! पण आपल्या त्वचेतल्या तेलात, म्हणजे सीबममध्ये, साधारण पाव हिस्सा वॅक्स एस्टर्स आणि दहा-बारा टक्के स्क्वालिन असतं. टॅलो जवळजवळ सगळं ट्रायग्लिसराइड. सीबममधलं खास फॅटी अ‍ॅसिड म्हणजे सॅपिएनिक, नावच होमो सेपियन्सवरून आलंय. ते गाईच्या चरबीत कुठून येणार? उरलं साम्य ओलेइक आणि पामिटिक अ‍ॅसिडचं. ती तर तुपात, पामतेलात, अर्ध्या स्वयंपाकघरात सापडतात. दोन प्रोग्रॅममध्ये फॉर लूप आहे म्हणून ते एकच सॉफ्टवेअर होत नाही राव.

बरं, सारखं असतं तरी काय? त्वचेतलं पाणी धरून ठेवणारी भिंत मुळात सीबमची नाहीच. वरच्या थरातल्या पेशी या विटा समजा, आणि त्यांच्यामधला गिलावा सेरामाइड्स, कोलेस्टेरॉल आणि मोकळ्या फॅटी अ‍ॅसिड्सचा. यात सेरामाइड्सचा वाटा सगळ्यात मोठा, आणि टॅलो काही त्यांचा साठा नव्हे. उलट टॅलोत चाळीस टक्क्यांच्या आसपास ओलेइक अ‍ॅसिड असतं, आणि तेच हा गिलावा सैल करतं. औषध कातडीतून आत जावं म्हणून औषधवाले ओलेइक अ‍ॅसिड वापरतात ते उगाच नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेफील्डच्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलं तर ही भिंत कमजोर झाली, सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही. ऑलिव्ह म्हणजे टॅलो नव्हे, मान्य. पण 'भिंत दुरुस्त करतो' असं छातीठोक सांगणाऱ्यानेच पुरावा आणायचा असतो ना?

दुसरा दावा: 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल नाही.' अहो, बिब्बाही शंभर टक्के नैसर्गिक असतो, लावून बघा! शिवाय नुसत्या टॅलोला वास येतो, तो झाकायला सुगंधी तेलं घालतात. लॅव्हेंडरमधलं लिनालूल हवेत राहून बदलतं आणि काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी होते.

तिसरा: 'अ, ड, ई, के जीवनसत्त्वांनी भरपूर.' किती? डबीवर आकडाच नाही. एकक नसलेला स्पेक तुमच्या हपिसात कुणी पास करेल का?

गंमत इथे संपते. हीच डबी एक्झिमाचं औषध म्हणून तान्ह्या बाळासाठी सुचवली जाते, डॉक्टरांनी दिलेलं मलम बंद करून. काही महाभाग तर सनस्क्रीनऐवजी लावा म्हणतात. चरबी सनस्क्रीन नव्हे. इथे नुकसान पंचवीस डॉलरचं नाही, पोराच्या कातडीचं आहे.

मग टॅलो अगदीच कुचकामी का? नाही. ओलसर त्वचेवर कुठलाही स्निग्ध थर दिला की आतलं पाणी उडणं कमी होतं. टॅलोही ते करतं. पण हेच काम रॉबर्ट चेसब्रोने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली करते, जास्त चांगलं करते. तिला वास नाही, ती खवट होत नाही आणि पैसेही किरकोळ. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमाचं मुठेलही तसंच, घट्ट आणि अंगाच्या उबेने मऊ होणारं. त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही.

धर्माचा मुद्दा मी मुद्दामच मध्ये आणलेला नाही. ज्याला चालतं त्याने लावावं, नाही त्याने लावू नये. पण निवड करायची तर आत काय आहे ते आधी कळायला हवं. साबणावर 'सोडियम टॅलोएट' लिहिलेलं असतं, तेही चरबीचंच. शंभर वर्षांपूर्वी गोदरेजनी वनस्पती तेलांचा साबण काढला तो याच कारणाने.

तरीही घ्यायचंच असेल तर: सुगंध नसलेलं घ्या. प्राण्याचं नाव आणि बनवल्याची तारीख लिहिलेली असेल तरच घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघा. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर हातापायांपुरतंच ठेवा. आणि लक्षात ठेवा, सौंदर्यप्रसाधनांसाठी अमेरिकेने २०२२ मध्ये नवा कायदा केला खरा, पण वर्षाला सरासरी दहा लाख डॉलरच्या आत विक्री असलेल्या बहुतेक छोट्या विक्रेत्यांना त्यातल्या नोंदणीतून सूट आहे. म्हणजे किचनमध्ये भरलेल्या डबीची चौकशी तुम्हालाच करायची आहे.

आपण दिवसभर दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करतो, एक स्वल्पविराम चुकला तर परत पाठवतो. मग स्वतःच्या कातडीवर जे चोपडतोय त्याचं लेबल वाचायला दोन मिनिटं नसावीत? चरबी लावा, मुठेल लावा, जेली लावा. फक्त चरबीचे पैसे चरबीइतकेच द्या, गोष्टीचे वेगळे नकोत.