पैशाचे झाड आणि कापसाचे बोंड



रिझर्व्ह बँकेने 2007 साली मुलांसाठी चित्रगोष्टी काढल्या. त्यातल्या एकीत राजू आहे आणि पैशाचे झाड आहे. पोरांना बँक आणि बचत समजावी म्हणून ही गोष्ट. गोष्ट वाईट नाही, पण आमच्या पोरांचे अर्थशास्त्र बचतीपासून सुरू होत नाही. बचत उरलेल्या पैशाची होते. ज्याच्या घरी हंगाम संपल्यावर कृषी केंद्राची उधारी तेवढी उरते, त्याला गल्ल्याचे चित्र दाखवून काय शिकवणार?

शाळेतल्या नफा-तोट्याच्या गणितात दुकानदार शंभराला वस्तू घेतो, एकशेवीसला विकतो. दोन्ही आकडे त्याला ठाऊक असतात. आमच्या कापसाचा पहिला आकडा कोणता? केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग तो वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतो. बी, खत, फवारणी, लावलेली मजुरी असा पदरचा खर्च म्हणजे ए-2. त्यात घरच्यांच्या कष्टाची मजुरी मिळवली की दुसरा आकडा. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही धरले की सी-2. सरकार 2018 पासून दीडपट भाव म्हणते, तो दुसऱ्या आकड्यावर. याची तीन चित्रे होतात. पहिल्यात आई कापूस वेचते आहे, पण हिशेबात ती नाही. दुसऱ्यात ती हिशेबात आली. तिसऱ्यात तिच्या पायाखालची जमीनही आली. चौथीतल्या पोराला हे कळते. मोठ्या साहेबांना कळायला वेळ लागतो.

पुढचे पान बोंडाचे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते, पेंड होते, आणि तीच पेंड आम्ही गोठ्यासाठी विकत आणतो. आणखी एक पान राज्याच्या सीमेचे. महाराष्ट्रात 1972 पासून तीसेक वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी होती. पलीकडे भाव चढा असला तरी गाडी सीमेपार नेणे गुन्हा. बाजार म्हणजे काय, ते पोराला या एका चित्रात समजेल.

ज्वारीचे पुस्तक मात्र दोन ठिकाणच्या पोरांनी मिळून करावे. पुण्याचे वारजे 1997 साली महापालिकेत गेले. जिथे शेते होती तिथे इमारती झाल्या. आमच्या कोरडवाहू भागातून कामाला गेलेली घरे अशाच उपनगरांत राहतात. तिथल्या पोराने दुकानातला किलोचा भाव लिहावा. इकडच्या मामेभावाने खळे, पोते, हमाली, तोलाई, गाडीभाडे काढावे. मधले पान गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचे. ज्वारी महागली की वारज्यातली आत्या कुरकुरते, उतरली की इकडे भाऊ हताश होतो. हे लपवू नये, दोघांचीही तोंडे काढावीत. आणि व्यापाऱ्याला शिंगे काढू नयेत. त्यालाही भाडे, व्याज, घट आहे. त्याचेही आकडे विचारून लिहावेत. राक्षसाची गोष्ट सांगितली की पोर हिशेब करायचे सोडते.

जिल्हा मेळाव्याला येताना गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या आणि बी-खताच्या पावत्या बरोबर आणाव्यात. पोरांनाही आणावे. कागद आणि रंगीत खडू मंडपात ठेवले जातील.