स्मृतिभ्रंश : रुग्णालयाला विमा आहे, घराला काय?

सोलापुरातील हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. अशा घरातील वृद्ध सासूची स्मृती ढासळली, पेटलेली शेगडी विसरणे, अवेळी दार उघडून निघून जाणे सुरू झाले, की सुनेला सूप बाजूला सारून तिच्यामागे धावावे लागते. त्या दिवशीची मजुरी बुडते. मात्र या नुकसानीचे बिल कोणीही देत नाही. आणि आपल्याकडील आरोग्य विमा तर बिलावरच चालतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे.

कायद्याने या रुग्णांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे, असे त्याचे कलम २१ सांगते. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, खुली झाली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आधीपासूनचे आजारही वगळले जात नाहीत.

तथापि हे सारे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र वर्षानुवर्षे घरीच असतो. त्याला औषधापेक्षा सोबत अधिक लागते : आंघोळ घालणारा, भरवणारा, रात्री जागणारा माणूस. त्या माणसाचा पगार सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाही. गंभीर आजारांच्या काही पॉलिसींत अल्झायमरचा समावेश असतो. पण निदानाच्या वेळचे वय आणि आजाराची तीव्रता यांच्या अटी असतात.

इतरत्र वेगळा मार्ग निवडला गेला. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. तेथे मदत ठरते ती रुग्णाला किती आधार लागतो यावरून. जर्मनीत घरी सेवा करणाऱ्या कुटुंबाला रोख रक्कमही मिळू शकते. सेवा हेही श्रम आहेत, ही त्यामागील मान्यता होय. आपल्या देशात असा सार्वजनिक विमा नाही.

तोपर्यंत काय करावे? घरातील सत्तरीपुढील व्यक्तींचे आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. पॉलिसीतील वगळलेल्या बाबी हप्ता भरण्यापूर्वीच वाचाव्यात. विसराळूपणा ‘वयाचा परिणाम’ म्हणून न टाळता वेळीच डॉक्टरांना दाखवावे. आणि आपल्या धर्मग्रामात असे घर असेल, तर आठवड्यातून दोन तास त्या वृद्धेजवळ बसावे. तेवढ्या वेळात तिच्या सुनेला आपले काम उरकता येईल. विमा जे देत नाही, त्यातील एवढे तरी शेजाऱ्याला देता येते.