नाव कुणाचं लावणार?

मूल घरी आणायचा विषय आम्ही काढला तेव्हा अम्मीने पहिलं हेच विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानेच हाक मारा, असं सूरह अहजाबमध्ये स्पष्ट आहे. पण त्या आयतीची मनाई वंश बदलायला आहे, मूल वाढवायला नाही. हुजूर स्वतः यतीम होते. हलीमा सादियांनी दूध पाजलं, पुढे दादा आणि मग चाचा अबू तालिब यांच्या घरात ते वाढले. हे आपण दर मिलादला ऐकतो, आणि यतीमखान्याची पावती फाडून मोकळे होतो.

2014 मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इच्छा असेल तर मुस्लिमांनाही बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल. सक्ती नाही. पर्सनल लॉ बोर्डाने त्या वेळी कफालतीचा मुद्दा मांडला होता. ठीक. मग कफालत करणारी घरं कुठे आहेत?

याच कायद्याच्या 2015 च्या रूपात, कलम 44 मध्ये, फॉस्टर केअर आहे. मूल आपल्या घरी राहतं, नाव त्याचंच राहतं. ही मुलं बहुधा सहा वर्षांपुढची, संस्थेत वाढणारी, ज्यांना दत्तक घ्यायला सहसा कुणी येत नाही. मूल दत्तकासाठी मोकळं झालेलं असेल, तर 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दोन वर्षांनी त्याच घराला ते दत्तक घेता येतं. पूर्वी पाच वर्षं लागत. एकट्या व्यक्तीलाही आता अर्ज करता येतो.

दत्तक घ्यायचंच नसेल तर वारशासाठी हयातीत हिबा आहे, एक तृतीयांशापर्यंत वसियत आहे. मुलगी वयात आल्यावर पडद्याचं काय, हे मात्र आधीच घरात बोलून घ्या.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. आमच्या धंद्यात ट्रायल व्हर्जन असतं. नाही पटलं तर काढून टाकायचं. दोन वर्षांचा अर्थ काहीजण तसाच लावतात. पण ज्याला आधीच एकदा सोडलंय त्याला दुसऱ्यांदा सोडायचं असेल, तर जाऊच नका. उलटही घडू शकतं: मुलाची आई सावरते, आणि बाल कल्याण समिती त्याला तिच्याकडे परत पाठवते. तेव्हा रडायचं, आणि पाठवायचं.

अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवर करायचा, तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष तपासतो. आमच्याकडे गृहभेटीला माणसं पुढच्या आठवड्यात येताहेत. काल अम्मी विचारत होती, येणाऱ्याला तिखट चालेल का.