पूर ओसरला की पैसेही ओसरतात

आपल्याकडे पुराला पैसे मिळतात, पुराच्या आधीच्या मे महिन्याला मिळत नाहीत. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा राज्यभरातून ट्रक भरभरून बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या आल्या. त्या मदतीला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच पुरात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळमध्ये लोक बोटीत बसून गावाबाहेर पडत असताना बोट उलटली आणि माणसं बुडाली. एका बोटीत किती जण बसवायचे, लाइफ जॅकेट किती आणि कुठे आहेत, कोणत्या घरातल्या आजी-आजोबांना दोन दिवस आधी हलवायचं, हे प्रश्न भर पुरात सोडवायचे नसतातच. ते उन्हाळ्यात सोडवायचे असतात, आणि उन्हाळ्यात कोणी ट्रक पाठवत नाही.

हे उन्हाळ्यातलं काम करणारे छोटे ऑनलाइन गट आज बरेच आहेत. मी त्यातल्याच एकात आहे. दिवसा पुण्यात नोकरीचा कोड लिहायचा आणि रात्री याद्या नीट करत बसायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना गेली की इशारा आणि ४३ला धोका, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ४३ फुटांना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं की पुढच्या चौकात, डायलिसिसचे पेशंट कोणत्या घरात आहेत, शाळेच्या हॉलची किल्ली रविवारी कोणाकडे असते, ही माहिती सरकारी तक्त्यात नसते. ती कोणीतरी फोन करकरून गोळा केलेली असते. आणि ती भाजीसारखी असते, ठेवली की नासते. शिपाई बदलतो, बोटवाला सिम बदलतो, पेशंट लेकीकडे राहायला जातो. दर सहा महिन्यांनी सगळे नंबर पुन्हा फिरवावे लागतात.

म्हणून ‘वेबसाइट चालवायला असा किती खर्च येतो?’ असं कोणी विचारलं की मला हसू येतं. सर्व्हर हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. एसएमएसला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस मेसेजना पैसे पडतात, तेही समजू शकतो. खरा खर्च आहे तो फोन फिरवणाऱ्या माणसाचा. आपल्याकडे नेमका तोच खर्च लाजिरवाणा मानला जातो. सेवा करता ना, मग पगार कसला? हा प्रश्न विचारणारे लोक स्वतः फुकट काम करताना मला तरी दिसलेले नाहीत.

फुकट चाललेल्या गोष्टींचं काय होतं, याचं उदाहरण माझ्या धंद्यातच आहे. २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला तो ‘ओपनएसएसएल’मध्ये. इंटरनेटवरच्या असंख्य साइट्सची कुलपं ज्या कोडवर चालत होती, तो कोड मूठभर माणसं सांभाळत होती आणि त्यांच्या संस्थेला वर्षाला देणगी मिळत होती साधारण दोन हजार डॉलर. बोभाटा झाल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे उभे केले. आधी कोणालाच सुचलं नव्हतं, कारण काहीही बिघडलेलं नव्हतं. तयारीच्या कामाचा हा मूळचाच रोग आहे. काम चांगलं झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९च्या निबंधात अमेरिकी मतदारांबद्दल हेच दाखवलं. मदतीवर खर्च झाला की मतं मिळतात, तयारीवर झाला तर मिळत नाहीत. त्यांच्याच हिशेबाने तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान टाळतो.

मग पैसे आणायचे कुठून? पहिलं उत्तर नेहमी येतं ते सीएसआरचं. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायला लावली आहे, आणि २०१९पासून त्या यादीत आपत्ती व्यवस्थापनही आहे. कागदावर झकास. पण कंपनीबाहेरच्या संस्थेला त्यातले पैसे मिळायचे तर नोंदणी हवी, १२ए आणि ८०जी हवं, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. हेही करता येतं. अडतं ते पुढे. एका कंपनीच्या सीएसआर विभागाने आम्हाला विचारलं होतं, की पैसे देतो, पण बोटी घ्या आणि बोटींवर आमचं नाव टाका. फोन फिरवणाऱ्या माणसाच्या पगारावर नाव कुठे टाकणार? शिवाय पैसे वर्षापुरते. पुढच्या वर्षी विभागाला ‘थीम’ बदलायची असते. मार्चअखेर खर्च संपवायचा असतो, आणि आमचं काम तर एप्रिलमध्ये सुरू होतं.

दुसरं उत्तर जाहिरातींचं. ते मला सीएसआरपेक्षाही घातक वाटतं. तयारीबद्दल लिहिणाऱ्या गटाने टॉर्च, पॉवर बँक, सुक्या जेवणाची पाकिटं विकून कमिशन घ्यायला सुरुवात केली, की त्याचं उत्पन्न लोकांच्या भीतीवर अवलंबून राहतं. ‘या वर्षी पाणी येण्याची शक्यता कमी आहे, शांत झोपा’ असं सांगणं त्याला परवडत नाही. आणि दोनदा उगाच घाबरवलेला माणूस तिसऱ्या वेळी घर सोडत नाही.

तिसरं उत्तर सरकारचं. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीत तयारी आणि क्षमताबांधणीसाठी १० टक्के वाटा ठेवला आहे. तो जिल्हा यंत्रणेवर खर्च व्हावा, आणि झाला की नाही हे आपण विचारत राहावं. पण धरणातून विसर्ग किती होतोय आणि त्याची खबर किती उशिरा आली, हे लोकांना सांगणाऱ्या गटाने त्याच यंत्रणेकडून मानधन घेऊ नये.

उरते ती वर्गणी. गणपतीची, दिंडीची, भिशीची आपल्याला सवय आहेच, ती नव्याने शिकवायला नको. फक्त ती दर महिन्याची हवी, छोटी हवी आणि पूर नसतानाही कापली जाणारी हवी. यूपीआय ऑटोपे २०२०पासून आहे. ३०० माणसांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. त्यात एक माणूस अर्धवेळ ठेवता येतो, आणि यादी ताजी ठेवायला एक अर्धवेळ माणूस दहा हौशी माणसांना भारी पडतो. तुम्ही ओटीटीला महिन्याला किती देता, ते मी विचारत नाही. (विचारलंच, म्हणा.)

हे भाबडं वाटत असेल तर ब्रिटनची लाइफबोट संस्था, आरएनएलआय, पाहा. १८२४ची संस्था, आज ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर तिची दोनशेहून जास्त केंद्रं आहेत. बोटीवर जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक, पण इंजिनं सांभाळायला आणि प्रशिक्षण द्यायला पगारी माणसं. एकोणिसाव्या शतकात काही वर्षं सरकारी अनुदान घेऊन त्यांनी ते १८६९मध्ये सोडलं. १८८६मध्ये ‘मेक्सिको’ नावाच्या जहाजाला वाचवायला गेलेले २७ जण बुडाले, आणि त्यानंतर १८९१मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर डबे फिरवून पैसे गोळा केले. मँचेस्टर समुद्रावर नाही, हे लक्षात घ्या. आज त्यांच्या खर्चाचा मोठा भाग लोकांच्या मृत्युपत्रांतून येतो.

मँचेस्टरचं आपल्याकडचं भाषांतर पुणे. कोथरूड, हिंजवडी, वाकड इथे सांगली-कोल्हापूर-चिपळूणची माझ्या वयाची किती पोरं आहेत, ते कोणत्याही शुक्रवारी रात्री स्वारगेटला जाऊन मोजा. पूरग्रस्त गावातल्या माणसाकडून वर्गणी मागायची नाही, हे मला मान्य आहे. मागायची ती आपल्याकडून, ज्यांचे आईवडील अजून त्या घरात राहतात आणि ज्यांना जुलैमध्ये झोप लागत नाही. परदेशातल्यांनाही मागता येईल, पण नियम पाहून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. अमेरिकी नागरिक झालेल्या मावसभावाचे डॉलर मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाहीत.

आता आमच्याच लोकांशी भांडण. पैसे मागायला लाजणारे गट हिशेब द्यायलाही टाळतात, आणि एखाद्या संस्थापकाच्या खिशातून सगळं चालतं याचा वर अभिमान. त्या संस्थापकाचं लग्न होतं, बदली होते, तो बंगळुरूला जातो. डोमेनचं नूतनीकरण राहतं आणि यादी त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये अडकते. हा त्याग मला नको आहे. मला हवाय दोन सह्यांवर चालणारं बँक खातं, दर तिमाहीला सगळ्यांना दिसणारा जमाखर्च, ‘मानधन’ हा रकाना न लपवता लिहिलेला, आणि एक वर्षाचा खर्च शिल्लक. पुराच्या आठवड्यात जे भावनेच्या भरात जास्तीचे पैसे येतात, ते त्या शिल्लकेत टाकायचे, नवी ड्रोन घ्यायची नाहीत.

हे सगळं जुलैमध्ये सांगून उपयोग नाही, तेव्हा कोणाला ऐकायला वेळ नसतो. वर्गणी सुरू करायची तर दिवाळीनंतर, आयर्विन पुलाखाली कृष्णा पायाशी असते तेव्हा.