किड्याला वकील मिळाला, वेचणाऱ्याला नाही

मराठीतील ‘किरमिजी’ या शब्दातच किडा दडलेला आहे. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा. दही, मिठाई, सॉसेज आणि ओठांची लाली यांना तांबडेपण देणारे कारमाइन आजही किड्यापासूनच निघते. फड्या निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्याच्या माद्या हाताने खरवडून वाळवाव्या लागतात. एक किलो वाळल्या मालाला सुमारे दीड लाख किडे लागतात. ते वेचणारे हात मात्र कोणत्याही वेष्टनावर दिसत नाहीत.

हे अदृश्यपण पुरातन आहे. १५२१ साली स्पेनने मेक्सिको जिंकला आणि ओआहाका प्रांतातील आदिवासींची पिढीजात विद्या साम्राज्याच्या तिजोरीला जुंपली गेली. तेथून जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल मोल या रंगाचे होते. स्पॅनिश अधिकारी आदिवासींना आगाऊ रक्कम देत आणि हंगामात स्वतः ठरविलेल्या भावाने माल उचलत. उचल देऊन माणूस बांधून घेण्याची ही रीत मराठवाड्यातील ऊसतोड मजुराला समजावून सांगावी लागणार नाही!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरापासून कृत्रिम रंग निघाले आणि ग्वाटेमालापासून कॅनरी बेटांपर्यंतचे उत्पादक उघड्यावर आले. १९७६ साली अमेरिकेने अमरंथ या कृत्रिम तांबड्या रंगावर बंदी घातली. पुढे ‘नैसर्गिक’ हा शब्द विकाऊ ठरला आणि बाजाराला निवडुंगाची पुन्हा आठवण झाली. आज या मालाचा सर्वांत मोठा उत्पादक पेरू हा देश आहे. तेथे भाव उसळतो तसा कोसळतोही, आणि कोसळण्याचा पहिला घाव डोंगरातील गरीब शेतकऱ्यावर बसतो.

ग्राहकाची सद्सद्विवेकबुद्धी जागी नाही, असे नव्हे. काहींना या रंगाची तीव्र ॲलर्जी होते, म्हणून २०११ पासून अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचे नाव छापणे सक्तीचे झाले. ते योग्यच झाले. २०१२ साली शाकाहारवाद्यांनी आवाज उठविताच स्टारबक्स कंपनीने आपल्या पेयांतून कोचिनील काढून टोमॅटोतील रंग घेण्याचे जाहीर केले. ग्राहकाच्या प्रकृतीला कायदा मिळाला, किड्याच्या प्राणाला वकील मिळाला. वेचणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न मात्र या वादात कोणाच्या तोंडी आला नाही.

कोरडवाहू डोंगरात या किड्यावरच चूल पेटते, असे व्यापाराचे समर्थक सांगतात. ते खरेच आहे. पण ज्याच्यावर चूल पेटते त्याचा भाव दूरच्या बाजारपेठेच्या लहरीवर सोडणे, याला उपकार म्हणावे काय? ‘नैसर्गिक’ म्हणून चढा दाम घेणाऱ्या कंपन्यांनी उत्पादकाला किमान भावाची लेखी हमी दिली पाहिजे. आणि ती देण्यास त्यांना भाग पाडणारी उत्पादकांची संघटना उभी राहिली पाहिजे. तोवर ‘नैसर्गिक’ हा शब्द रंगाविषयी खरे बोलेल, व्यवहाराविषयी नाही. निसर्गाने किडा दिला. वेचणाऱ्याचे दारिद्र्य माणसांनी दिलेले आहे.