एकोणीस पायऱ्या

लंडनच्या भुयारी रेल्वेचे नाव निघाले की माझ्या डोळ्यांपुढे गाड्या येत नाहीत. शिल्पकार हेन्री मूरने चितारलेली, बोगद्यात ओळीने निजलेली माणसे येतात. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमाने रोज रात्री येऊ लागली, तेव्हा फलाटांवर आसरा द्यायला सरकार राजी नव्हते. लोकांनी काय करावे? दीड पेनीचे तिकीट काढले, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत! गाडीत बसलेच पाहिजे असे तिकिटावर थोडेच लिहिले होते? अखेर सरकारच नमले. पुढे फलाटांवर झोपायच्या फळ्या आल्या, संडास आले, चहा आला.

पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन स्टेशनात तर अजून रूळच पडले नव्हते. तिथे हजारो माणसे निजत. मुलांसाठी वाचनालयही होते. कामकऱ्यांच्या वस्तीला एवढी खोल, भक्कम जागा मिळाली, याचे मला फार अप्रूप वाटते. मात्र आत जायला वाट एकच. एकोणीस पायऱ्या, मध्ये कठडा नाही, आणि बाहेर उजेड दिसू नये म्हणून एकच मिणमिणता दिवा. १९४१ साली नगरपालिकेने ते प्रवेशद्वार मजबूत करण्यासाठी वरिष्ठांकडे मंजुरी मागितली होती. ती मिळाली नाही. खर्चाच्या कागदाचे असेच होते, वाचकहो. त्यावर माणसे दिसत नाहीत.

३ मार्च १९४३. रात्रीचे सव्वाआठ वाजून गेले होते आणि भोंगा झाला. पावसाने पायऱ्या ओल्या होत्या. लोक नेहमीप्रमाणे उतरत होते, तोच जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाण सुटले. तोफ नवी, आवाज अनोळखी. बॉम्बच पडला असे वाटून मागचे पुढे रेटू लागले. खाली एक बाई अडखळली, तिच्यावर दुसरा पडला, आणि काही सेकंदांत शेकडो माणसे त्या अरुंद जिन्यात एकावर एक रचली गेली. वरच्यांना खालचे दिसेना. ते उतरतच राहिले.

१७३ माणसे गुदमरून मेली. त्यांत ६२ मुले. आणि त्या रात्री त्या भागात एकही बॉम्ब पडला नव्हता!

चौकशी झाली, पण शत्रूला कळू नये म्हणून अहवाल १९४५ पर्यंत दडपून ठेवला. शत्रूचे एक वेळ सोडा. परंतु ज्यांची लेकरे गेली, त्यांनाही तोवर काही सांगितले गेले नाही. उलट, लोकच घाबरून धावले अशी कुजबुज त्यांनी ऐकली. हे मला त्या अंधारापेक्षाही क्रूर वाटते.

कठडे मात्र लगेच बसले, पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंगही लागला. १९४६ पासून तिथे गाड्या धावू लागल्या. वाचलेल्यांनी आणि मृतांच्या आप्तांनी वर्षानुवर्षे पैसे जमवले, आणि २०१७ साली स्टेशनच्या तोंडाशी स्मारक पुरे झाले : लाकडाचा एक उलटा टांगलेला जिना, अंगावर नावे कोरलेला.