शस्त्र आहे, संरक्षण नाही

निमलष्करी दलांतील आत्महत्यांविषयी संसदेत प्रश्न विचारला जातो, लेखी उत्तर पटलावर येते आणि सभागृह पुढील विषयाकडे वळते. डिसेंबर २०२४ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार पाच वर्षांत ७३० जवानांनी आत्महत्या केल्या. याच काळात ५५ हजारांहून अधिक जणांनी राजीनामा दिला वा स्वेच्छानिवृत्ती पत्करली.

सरकार स्वस्थ बसले, असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये कृती दल नेमले गेले. वर्षातील १०० दिवस कुटुंबासमवेत घालवता यावेत, असे धोरणही आखले गेले. हे उपाय आवश्यकच आहेत. पण जवान मदत मागायला का कचरतो, याचे उत्तर त्यांत नाही. या दलांत बढतीसाठी 'शेप-१' ही वैद्यकीय श्रेणी लागते आणि तिचा पहिलाच निकष मानसिक स्वास्थ्याचा आहे. मनाचा त्रास डॉक्टरांपुढे मांडणे म्हणजे बढती पणाला लावणे, हे जवान पुरेपूर ओळखून असतो. त्याच्या मौनामागे संकोच असेल, तसा हा हिशेबही आहे.

कायद्यात या भीतीवर उतारा होता. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढून टाकता वा पदावनत करता येत नाही, असे त्याचे कलम २० सांगते. ऑगस्ट २०२१ मधील अधिसूचनेने मात्र निमलष्करी दलांतील लढाऊ पदे या कलमातून वगळली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अधिसूचनेपूर्वीच्या एका प्रकरणात, केंद्रीय राखीव पोलीस दलातील मनोरुग्ण अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई भेदभावाची ठरविली. त्याला शस्त्राशी संबंध नसलेले काम देण्याची मुभा ठेवतानाच वेतन व सेवाशर्तींना संरक्षण दिले. सुरक्षेची चिंता आणि जवानाचा सन्मान या दोहोंचा मेळ घालता येतो, हे या निकालाने दाखवून दिले.

गृह मंत्रालयाने तोच मार्ग धरावा. मानसिक आजारापुरती तरी ही सूट मागे घेण्यासाठी पावले उचलावीत आणि उपचारांची नोंद बढतीच्या आड येणार नाही, अशी नियमांतच तरतूद करावी. 'टेलि-मानस'ची १४४१६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी २०२२ पासून उपलब्ध आहे; पण नोकरीची हमी नसेल, तर दूरध्वनी उचलणारा हातही थबकतो. किती जवान गेले, हे खासदारांनी विचारावेच. त्याबरोबर हेही विचारावे, की उपचार घेऊन त्याच वेतनावर किती जण सेवेत राहिले?